पेटी चालते, मग सिंथेसायझर का नको?

चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ १९८२ साली फारशी खपली नाही. २०१० साली ती परत निघाली आणि ऐकणाऱ्यांत दोन तट पडले: कुणाला अ‍ॅसिड हाउसची नांदी, कुणाला रागांची थट्टा.

तक्रारीत भौतिकशास्त्र आहे. तंबोऱ्यातला गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर बोलतो (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर), सिंथेसायझरचा ४००वर. भूपालीत हे १४ सेंट टोचतात. पण आपल्या तळेगाव ढमढेऱ्यातल्या भजनाची पेटीही बहुधा ४००वरच असते, तिला कुणी हसत नाही. उलट सिंग यांच्या टीबी-३०३ला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येतं, पेटीला नाही.

मग खटकतं काय? ठेका. तो रागाला विसावूच देत नाही. ऐका आणि तुम्हीच ठरवा: थट्टा नाही, घाई आहे.