‘नस फुटली’ : एका शब्दप्रयोगाची तपासणी

कोणी डोक्यावर पडला की बदलापूरच्या कात्रपमध्ये काय किंवा अन्यत्र काय, पहिली पृच्छा होते ती ‘मेंदूची नस फुटली का?’ अशी. बोलीतील ‘नस’ रोहिणी, नीला आणि चेता यांना एकाच दावणीला बांधते. परंतु या अतिव्याप्तीहूनही ‘फुटणे’ हे क्रियापद अधिक दिशाभूल करणारे होय. रक्तवाहिनी म्हणजे निर्जीव नळी, ती फुटली तरच इजा, असा ग्रह त्यातून होतो.

वस्तुतः निरोगी मेंदूतील सूक्ष्म रोहिणी रक्तदाब वाढताच आकुंचन आणि घटताच प्रसरण पावून रक्तप्रवाह जवळजवळ स्थिर राखतात. डॅनिश संशोधक नील्स लासेन यांच्या १९५९ मधील लेखाने ही कल्पना रूढ केली. मार बसल्यावर हे स्वनियमन ढळू शकते. मग दाब उतरला की मेंदू उपाशी राहतो, चढला की सूज वाढण्याची भीती; वाहिनीच्या भित्तीतून द्रव पाझरतो, आणि कवटी तर पसरत नाही. आवरणांमधील रक्तस्रावानंतर न फुटलेल्या रोहिणीही काही दिवसांत आक्रसू शकतात. ‘नस फुटलेली नाही’ एवढ्यावर निर्धास्त होणाऱ्या आप्तांना शब्दानेच फसविलेले असते.

‘वाहिनी’ ही संज्ञा अधिक नेमकी खरी, पण तीही ‘वह्’ धातूपाशीच थांबते. ‘स्वनियमन’ बोलीत उतरलेले नाही. ‘आकसणे’ व ‘पाझरणे’ ही क्रियापदे मात्र तेथे आयती आहेत.