उत्सवाचा दिवस आणि वहीचे पान

शाळेच्या अंगणात भरणाऱ्या साहित्योत्सवांचे आपल्याकडे कौतुक पुष्कळ होते, परीक्षण फारच थोडे. विद्यार्थ्याने दिवसभरात कोणाची भाषणे ऐकली ह्याची नोंद होते. त्याने स्वतः लिहिलेले पान कोणी वाचले काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. उत्सवाची खरी कसोटी तीच आहे.

हा प्रश्न नामपल्लीत विचारण्यास विशेष कारण आहे. येथील ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हे सरोजिनी नायडू यांचे पितृगृह. त्याला त्यांच्या १९०५ सालच्या काव्यसंग्रहाचे नाव मिळाले. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत आर्थर सायमन्स यांनी सरोजिनीबाईंच्या बालपणाच्या आठवणी दिल्या आहेत. इंग्रजी बोलण्याचे नाकारले म्हणून नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना दिवसभर खोलीत कोंडले. अकराव्या वर्षी बीजगणिताचे उदाहरण सुटेना, तेव्हा उत्तराऐवजी कविता सुचली. तेराव्या वर्षी वॉल्टर स्कॉटच्या धर्तीवर सहा दिवसांत १,३०० ओळी लिहून झाल्या. आजच्या स्पर्धेत ह्या ओळींना पहिले बक्षीस मिळाले असते आणि विषय तेथेच संपला असता.

सरोजिनीबाईंना मात्र वाचक भेटला. इंग्लंडात एडमंड गॉस यांनी त्यांच्या निर्दोष पण उसन्या कविता केराच्या टोपलीत टाकण्याचा सल्ला दिला. रॉबिन आणि चंडोल सोडून स्वतःच्या देशाविषयी लिहावे, असे सुचविले. सल्ला परखड होता, परंतु निम्माच खरा होता. १९१२ सालच्या ‘द बर्ड ऑफ टाइम’मधील हैदराबादच्या बाजारावरील कविता पाहावी. पागोटी, केशर, मेंदी, हस्तिदंती फासे, सारे झळकते. पण कोणी घासाघीस करीत नाही, कोणी उधारी मागत नाही. सगळे विक्रेते एकाच लयीत बोलतात. मृताच्या अंगावर घालावयाची फुलांची चादर शेवटी येते, तेथे मात्र ती यादी एकदम कविता होते. इंग्लंडचे चंडोल गेले. त्यांच्या जागी परक्याला हवा असलेला पूर्वेकडचा देखावा आला. ‘आपल्या मातीचे लिहा’ हा उपदेशही असा नवा साचा होऊ शकतो.

जानेवारी २०२३ मध्ये हैदराबाद साहित्य महोत्सव नामपल्लीलगतच्या सैफाबादेत, विद्यारण्य शाळेत भरला. १९६१ साली ही शाळा स्थापणाऱ्या शांता रामेश्वर राव स्वतः मुलांसाठी लिहीत. त्या वर्षी महोत्सवात कोकणीला भारतीय भाषांमधील विशेष स्थान होते. आम्हां मराठी-कोकणी वाचकांना ह्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि व्यासपीठावरचा मान आणि मुलाच्या हातातली भाषा ह्या दोन वस्तू भिन्न आहेत. विद्यार्थ्याच्या पदरी कोकणीचे म्हणून केवळ माड, मासळी आणि समुद्र पडले, तर गॉस यांचाच सल्ला पुन्हा गिरविला असे होईल.

मग करावे काय? दिवसाच्या कार्यक्रमातून एक तास काढावा. पाच-सहा विद्यार्थी, एक जाणता वाचक आणि प्रत्येकाचे एकेक पान, एवढे पुरे. बक्षीस नको. ‘हे तू पाहिलेस का? तुझ्या घरी ह्याला काय म्हणतात?’ हे दोन प्रश्न पुरेत. हैदराबादी मराठी घरातील मुलाच्या वहीत दख्खनी शब्द उतरतो, तेव्हा तो अशुद्ध म्हणून खोडण्याचा मोह होतो. पण आपल्याच ‘नको’ने दख्खनीत ‘नक्को’ होऊन बिऱ्हाड केले आहे, हे विसरू नये. त्या मुलाच्या पानावर कोणाचीही नक्कल नसलेला तोच एक शब्द असण्याचा संभव आहे. तो खोडला गेला नाही, आणि का ठेवला हे त्याला कळले, तर त्याचा दिवस सार्थकी लागला असे आम्ही समजू.