ग्रंथांतल्या मुंग्या आणि अंगणांतल्या मुंग्या

कर्नल बिंघम यांचा हिंदुस्थान, सिलोन व ब्रह्मदेश येथील मुंग्यांवरील ग्रंथ १९०३ सालीं निघाला. या विषयाच्या अभ्यासकाचें त्यावांचून अद्यापिही पान हालत नाहीं. शृंगिकांचीं पेरीं, कमरेच्या गांठी, पाठीवरील कांटे यांवरून मुंगीची जाति ओळखण्याची जी वाट ग्रंथकारानें बांधून दिली आहे, तिनें भिंग बाळगणारा कोणीही चिकाटीचा गृहस्थ जाऊं शकेल. नांवें पुढें पुष्कळ बदललीं, वर्णनें टिकलीं.

आमची तक्रार निराळी आहे. स्थळ सांगतांना ग्रंथकार बहुधा प्रांत किंवा गांव सांगून थांबतो. शहर वाढूं लागलें म्हणजे कोणती मुंगी राहते व कोणती जाते, हा प्रश्न मात्र अंगणाचा आहे. मोठा काळा मुंगळा मोकळ्या मातींत, पुष्कळदां झाडाच्या बुंध्याशीं, बीळ करतो. फरशी पडली कीं त्याचा ठाव गेला. अळ्यांच्या रेशमानें आंब्याचीं पानें शिवून घर करणारी तांबडी मुंगी, कोंकणांतली ओंबील, उपनगरांतल्या वाडींत नांदते, पण झाडें आहेत तोंवरच. उलट फारो-मुंगी पाहा! तिला भिंतीची भेग पुरते. राण्या अनेक असल्यामुळें कांहीं कामकरी मुंग्या थोडीं पिलें उचलून शेजारीं नवें बिऱ्हाड थाटतात. नव्या वसाहतीसाठीं उडण्याचें कारणच नाहीं. वर औषध फवारलें तर एकाचीं चार बिऱ्हाडें होण्याचाच संभव. (गृहिणींनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.)

बिंघम जेथें थांबले तेथून पुढें जाणारा एक निबंध २०१० सालीं प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेसारख्या तीन हमरस्त्यांच्या मधोमध असलेल्या हिरव्या पट्ट्यांत शोधकांस मुंग्यांच्या १३ जाति सांपडल्या. एवढ्या रहदारींत १३! निबंध आम्हांस मोलाचा वाटला. तथापि अशा आंकड्यावर वाचकांनीं एकदम भाळूं नये. युरोपांतून येऊन अमेरिकेंत स्थायिक झालेली पदपथ-मुंगी यादींत एक, आणि त्या भूमीची मूळ रहिवासी मुंगीही एकच. आमच्या वाड्यांतून मुंगळा गेला व फारो-मुंगी आली, तरी बेरीज तीच भरेल.

मराठींत कोणी एखाद्याच पेठेचा असा हिशेब लिहील, तर त्यानें केवळ बेरीज न देतां कोण कोणाच्या जागीं आलें तें सांगावें. आमच्या चौकांत मुंगळ्याचें बीळ यंदा एकही दिसलें नाहीं. साखरेचा डबा मात्र पाण्याच्या परातींत ठेवावा लागतो.