कपाट आणि समीक्षा

दलित साहित्यावरील प्रबंधांची संख्या वाढली, समीक्षा मात्र त्या मानाने वाढली नाही. याचा दोष आपण विद्यार्थ्याच्या आळसाला देतो. मला तो विद्यापीठीय ग्रंथालयाच्या कपाटातही दिसतो.

संशोधनाच्या सोयी आज थोड्या नाहीत. ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध खेड्यातल्या विद्यार्थ्यालाही विनामूल्य वाचता येतात. २०२४ साली केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके त्यात आहेत. ज्याच्या घरात पहिली पदवी त्याच्याच हातून आली, त्या माझ्यासारख्याने या सोयींना नाक मुरडू नये.

पण ही विकत मिळणारी विद्या आहे. दलित साहित्याची वाटचाल अनियतकालिकांतून, संमेलनांच्या स्मरणिकांतून, जलशांच्या पुस्तिकांतून झाली. ती कोणत्या वर्गणीत येणार? मी ज्या मोठ्या विद्यापीठात संशोधन केले, तेथे परदेशी नियतकालिकातला लेख मला क्षणात मिळाला. मराठी त्रैमासिकाचे जुने अंक मात्र एका निवृत्त गिरणी कामगाराच्या ट्रंकेत सापडले.

याचा परिणाम थेट समीक्षेवर होतो. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके मोलाचीच आहेत. तरी प्रबंधामागून प्रबंध त्यांच्याभोवती फिरतो, कारण तीच हाताशी असतात. ज्या अंकांतून कविता आली, कथा आली, वाद झडले, ते अंक कपाटात नाहीत, म्हणून तळटिपेतही नाहीत. मग ‘दलित साहित्य म्हणजे आत्मकथन’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष साहित्याचा नव्हे, कपाटाचा आहे.

१९२० चा ‘मूकनायक’ आणि १९२७ ला सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ महाराष्ट्र शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने छापले, म्हणून ते आज विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊ शकतात. हेच काम पुढच्या पिढ्यांच्या नियतकालिकांसाठी विद्यापीठांनी करावे: अंक गोळा करावेत, सूची करावी, ते सर्वांना खुले करावेत. आपणही आपापल्या वस्तीतल्या ट्रंकांची यादी करून ती मराठी विभागांपुढे ठेवावी.

मराठवाडा विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव यावे म्हणून १९७८ ते १९९४ समाज लढला. त्यात माणसे गेली. त्या लढ्यात लिहिले गेलेले कागद वाळवीला देणे आपल्याला परवडणारे नाही.