अप्राचलीय कसोट्या : कोष्टक आणि विवेक

सिडनी सीगल यांचा वर्तनशास्त्रांसाठी लिहिलेला अप्राचलीय संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि मानसशास्त्राच्या संशोधकास एक सोयीचे कोष्टक हाती आले. मापनाची पातळी कोणती, नमुने किती, ते स्वतंत्र की परस्परसंबद्ध, एवढे ठरले की कसोटीचे नाव सापडते. या ग्रंथाचे ऋण मोठे आहे; परंतु कोष्टक वाचणे म्हणजे निवड करणे नव्हे.

सीगल यांच्या विवेचनाचा पाया स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडलेले मापनपातळ्यांचे वर्गीकरण हा होय. मराठी प्रश्नावलीत ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या शब्दांना ५ ते १ असे अंक दिले जातात. या शब्दांत क्रम आहे. त्यांतील अंतरे समान आहेत, असे मात्र भाषा कोठेही सांगत नाही. मधला ‘अनिश्चित’ हा शब्द तर अधिकच फसवा. एका विद्यार्थ्यास तो मध्यममार्ग वाटेल, दुसऱ्यास प्रश्न न कळल्याची कबुली. तसे झाल्यास क्रमही ढळतो, आणि क्रमांकांवर उभारलेली कोणतीही कसोटी हा दोष दूर करू शकत नाही.

समजा, शिरूर येथील चार विद्यार्थ्यांचे परीक्षाचिंतेचे गुण १२, १५, १७, २१ आणि दौंड येथील पाच जणांचे १८, २२, २४, २५, ४० आहेत. सर्वांना एकत्र क्रमांक दिल्यास शिरूरची क्रमांक-बेरीज ११ येते. तीतून १० वजा करता मान-व्हिटनी यांचे यू १ ठरते. एकूण १२६ मांडण्यांपैकी इतक्या टोकाच्या मांडण्या दोन्ही बाजू मिळून ४. म्हणजे संभाव्यता सुमारे ०·०३२. याच गुणांवर टी-कसोटी २·०९ देते. ७ स्वातंत्र्यमात्रांना पाच टक्के पातळीवर २·३६५ हवे. एकट्या ४० या गुणाने विचरण फुगविले आणि फरक झाकला. त्या जागी १०० असते तरी यू बदलले नसते.

येथेच मोह उत्पन्न होतो. दोन्ही कसोट्या लावून अनुकूल ती छापणे हा निवडीचा नव्हे, सचोटीचा प्रश्न आहे. कसोटी सामग्री पाहण्यापूर्वी ठरवावी आणि तसे नमूद करावे. तेच विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या आधी व नंतर तपासले असतील, तर मान-व्हिटनी नव्हे, विल्कॉक्सन यांची चिन्हित-क्रमांक कसोटी योग्य होय. दोन वितरणांचा आकार भिन्न असेल, तर यू-वरून मध्यकांविषयी विधान करता येत नाही.

‘अप्राचलीय’ म्हणजे ‘गृहीतकरहित’ नव्हे. निरीक्षणे परस्परस्वतंत्र असावीत, ही अट येथेही कायम आहे. शिरूरची एक शाळा आणि दौंडची एक शाळा घेतली, तर एका वर्गातील मुले एकाच शिक्षकाच्या छायेत वाढलेली असतात. मग मोजला जातो तो दोन तालुक्यांतील भेद की दोन वर्गांतील? दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तेथे घरी अन्य भाषा बोलणाऱ्या मुलास प्रश्नावलीची मराठीच अडचणीची ठरू शकेल.

अखेरीस प्रबंधात एक वाक्य उरते : ‘दौंडचे विद्यार्थी अधिक चिंताग्रस्त आढळले.’ ते वाक्य वाचून शिक्षक मुलांकडे पाहू लागतो. म्हणून कसोटीची निवड हा आकडेमोडीचा तपशील नसून, मुलांविषयी काय बोलण्याचा आपणास अधिकार आहे, याचा निर्णय आहे.