लादलेले लुगडे, आपखुशीची साडी

सौंदत्तीच्या यात्रेच्या गाड्या आपल्या सीमाभागातील वाचकाला नव्याने सांगायला नकोत. लुगडे नेसलेला जोगत्या दारात येतो, आपण सुपातून जोगवा घालतो आणि दार लावतो. त्या लुगड्याआडचा माणूस मराठीला दाखवला राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ने. एम. ए.ला असताना मी ती कादंबरी वाचली, तिच्या बोलीवर टिपणही काढले. पुढे नोकरीत माझ्याच वर्गातला एक मुलगा देवीला सोडला गेला. मी ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून त्याचे नाव पटावरून कमी केले. बोली समजली होती. माणूस समजला नव्हता.

गवस यांच्या लेखनावर आधारलेल्या ‘जोगवा’ (२००९) चित्रपटातल्या तायप्पावर लुगडे लादलेले आहे. ते टाकणे हीच त्याची सुटका. याउलट लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ (२०१२) वाचावे. तिथे साडी नेसणे हीच सुटका! दोन्ही कहाण्या मला खऱ्या वाटतात, कारण दोन्हींत प्रश्न वस्त्राचा नाही, निर्णय कुणाचा याचा आहे. एकच कहाणी वाचणारा दुसऱ्या माणसावर अन्याय करील.

सरकारचेही असेच झाले. कर्नाटकाच्या १९८२च्या देवदासी प्रतिबंधक कायद्यात देवाला वाहण्याची व्याख्या स्त्रीपुरतीच होती. मुलगा तिच्यात बसेना. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ हा रकाना आला, ४,८७,८०३ माणसे त्यात मोजली गेली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपली ओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. २०१९च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीच्या व्याख्येत ‘जोगता’ हा शब्दही घातला. एका कायद्याला तो दिसला नाही. दुसऱ्याला दिसला, पण लुगडे कुणी नेसवले हे त्याने विचारले नाही.

नोंदीला मी कमी लेखत नाही. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकरभरतीत तृतीयपंथीयांसाठी १ टक्का जागा राखल्या. नोंदीवाचून त्या कुणाला मिळणार? परंतु रकाना डोकी मोजतो. त्या डोक्यांत काय चालले आहे हे सांगायला साहित्य लागते, आणि ते वाचून वागायला वाचक लागतो.

आज पटावर एखादे नाव गैरहजर दिसले की मी शेरा मारण्याआधी त्याच्या घरी जातो. कादंबरीचे माझ्यावरचे हे ऋण जरा उशिराच फिटते आहे.