दीर्घकालीन शुश्रूषेचे एकसूत्रीकरण : दोन अमेरिकी प्रयोगांची समीक्षा

विस्कळीत सेवा एकत्र आणाव्यात, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो त्या कोणी आणि कशाच्या बळावर एकत्र आणावयाच्या, हा. अमेरिकेत १९६५ साली मेडिकेअर व मेडिकेड या योजना एकदमच जन्मास आल्या. वृद्धांच्या रुग्णालयाचा खर्च प्रायः पहिलीने सोसावा व निर्धनांच्या शुश्रूषागृहाचा दुसरीने, अशी विभागणी झाली. घरी राहून स्नान-भोजनासाठी साहाय्य हवे असणारा वृद्ध मात्र या दोहोंच्या मधल्या फटीत सापडला.

ही फट बुजविण्यासाठी संघ शासनाने १९८० साली ‘चॅनेलिंग’ हा प्रयोग दहा ठिकाणी आरंभिला. सहा हजारांहून अधिक वृद्धांची यदृच्छेने दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटास समन्वयकाचे साहाय्य मिळाले, दुसऱ्यास नाही. पाच ठिकाणी समन्वयकाने मुख्यतः उपलब्ध सेवांची सांगड घालावयाची होती; उरलेल्या पाच ठिकाणी गृहसेवांसाठी एकत्रित निधीही त्याच्या हाती होता. निष्कर्ष असा निघाला की, वृद्धांच्या अपुऱ्या राहिलेल्या गरजा घटल्या, त्यांचे समाधान काहीसे वाढले. पण शुश्रूषागृहांचा वापर लक्षणीयरीत्या घटला नाही आणि एकूण खर्च वाढला.

यावरून समन्वय निष्फळ ठरला, असे अनुमान काढणे सयुक्तिक नव्हे. ज्यांना साहाय्य मिळाले नाही, त्यांच्यापैकीही थोडेच शुश्रूषागृहात गेले. मग बचत व्हावी कोठून? शिवाय समन्वयकाच्या निधीत रुग्णालयाचा व शुश्रूषागृहाचा खर्च अंतर्भूत नव्हता. म्हणजे जे टाळावयाचे, त्याची आर्थिक जबाबदारी त्याच्यावर नव्हतीच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधील ‘ऑन लोक’ संस्थेची वाट निराळी होती. १९७३ साली तिने वृद्धांसाठी दिवसाचे आरोग्यकेंद्र उघडले. १९८३ पासून दरडोई ठरीव रक्कम घेऊन, रुग्णालय व शुश्रूषागृह धरून, सर्व सेवांचा भार तिने स्वतःवर घेतला. वैद्य, परिचारिका व वाहनचालकही एकाच चमूत बसले. हाच नमुना पुढे ‘पेस’ या नावाने इतरत्र गेला आणि १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये त्यास स्थायी स्थान मिळाले.

तथापि या यशाचाही अतिरेकी गौरव नको. ‘पेस’मध्ये वृद्ध स्वेच्छेने येतात; तेथे यदृच्छेची कसोटी लागलेली नाही. सामान्यतः आपला जुना वैद्य सोडावा लागतो, हेही अनेकांना मानवत नाही. त्यामुळे त्याचा विस्तार मर्यादित राहिला.

तात्पर्य, ज्या प्रयोगाची परीक्षा काटेकोर झाली, त्यात जबाबदारी अपुरी होती. ज्यात जबाबदारी पूर्ण होती, त्याची परीक्षा तितकी काटेकोर झाली नाही. अभ्यासकाने कोणताही प्रायोगिक उपक्रम तपासताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : खर्चाचा भार खरोखर एका हाती आला काय? आणि यशाचे माप शासनाची बचत हे आहे, की वेळेवर आलेला मदतीचा हात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकडेवारी देत नाही. ते आपल्यालाच आधी ठरवावे लागते.